समुद्रात ओटीपी येत नाही

वाळूज एमआयडीसीत एखादा माणूस 'नॉट रीचेबल' लागला की लोक दोनच अर्थ काढतात. एक तर माल निघालेला नाही, नाहीतर पेमेंट थकलंय. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे आला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारी छोटी छोटी शेड उभी राहिली, आणि या सगळ्यांचा धंदा आधी लँडलाइनवर, मग मोबाइलवर आणि आता व्हॉट्सॲपवर चालत आलाय. मोठ्या कंपनीच्या लाइनवर चार तासांचा माल शिल्लक असताना तुमचा फोन लागला नाही, तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. आमचंही असंच एक मशीन शॉप आहे. मशीन नवरा बघतो. डिस्पॅच, बिलं, जीएसटी आणि लोकांची बोलणी खाणं माझ्याकडे.

त्यामुळे सासूबाईंनी "विमान झालं, आता एकदा जहाज दाखवा" असं म्हटलं आणि मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारी क्रूझ ठरली, तेव्हा बजाजनगरातल्या शेजारणींनी जेवण शाकाहारी मिळतं का ते विचारलं, उलट्या होतात का ते विचारलं. आमच्या शॉपमधल्या सुपरवायझर काकांनी मात्र नेमकं विचारलं, "मॅडम, फोन लागेल ना?"

लागणार नव्हता. किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज समुद्रात साधारण वीस-पंचवीस किलोमीटर पोचते. टॉवर उंच डोंगरावर असेल तर अजून थोडी. नकाशावर मुंबईपासून लक्षद्वीपच्या आगत्ती बेटापर्यंत रेघ ओढली तर ती जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला जाते, नऊशेक किलोमीटर. आपला किनारा मात्र खाली जाताना पूर्वेकडे सरकत जातो. रत्नागिरीच्या समोर ही रेघ जमिनीपासून साठेक किलोमीटरवर असते, गोव्याच्या समोर शंभरावर, मंगळूरच्या समोर दोनशेच्याही पुढे. म्हणजे पहिल्या संध्याकाळनंतर आगत्ती येईपर्यंत खिशातला फोन हा घड्याळ आणि कॅमेरा. बाकीचं काय ते जहाजाच्या वाय-फायवर.

वाय-फाय असलं की सगळं चालतं अशी माझी समजूत होती, ती आमच्या सीएंनी निघायच्या आठवडाभर आधी मोडून काढली. त्यांचा प्रश्न होता : ई-वे बिलाचं काय? राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल गाडीत भरला की ई-वे बिल लागतं, मग गाडी चाकणला जावो नाहीतर नाशिकला. आणि १ एप्रिल २०२५ पासून छोट्या-मोठ्या सगळ्यांनाच ई-वे बिलाच्या पोर्टलवर शिरताना पासवर्डच्या जोडीला ओटीपी लागतो. तो येतो नोंदवलेल्या मोबाइलवर, एसएमएसने. नोंदवलेला मोबाइल माझा. मी अरबी समुद्रात, गाडी गेटवर, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेला. व्हॉट्सॲप इंटरनेटवरून येतं, पण एसएमएस मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून येतो, आणि टॉवर तर मागे राहिलेला. बँकेचं तेच.

उपाय पोर्टलवरच आहे, फक्त कुणी बघत नाही. मुख्य खात्याखाली सब-यूजर काढता येतो आणि त्याला त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर देता येतो. काकांच्या नंबरवर एक सब-यूजर काढला. शिवाय 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' नावाचं सरकारी ॲप आहे, ते फोनवरच आकडे तयार करून देतं, त्याला रेंजही लागत नाही आणि नेटही लागत नाही. तेही टाकून घेतलं. पगार आधीच वर्ग केले, वीजबिल भरून टाकलं. घरी मुलगा परीक्षेसाठी राहणार होता. त्याच्याकडे एका कागदावर जहाजाचं नाव, बुकिंग नंबर, केबिन नंबर आणि क्रूझ कंपनीच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसचा फोन लिहून दिला. खरोखर काही झालं तर या ऑफिसमधून जहाजाशी बोलता येतं, कारण कॅप्टनकडे उपग्रहाचा फोन चोवीस तास असतो. हा कागद सगळ्यात कामाचा, आणि बहुतेक लोक नेमका तोच करत नाहीत.

एका ओळखीच्याने दुबईहून आणलेला सॅटेलाइट फोन देऊ केला होता. घेतला नाही ते बरं. आपल्या देशात थुराया किंवा इरिडियमचा फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि विमानतळांवर परदेशी पाहुणे त्यापायी अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

माळीवाड्याला समृद्धीवर चढलो, आमण्याला उतरलो, आणि मग तिथून बॅलार्ड पिअरपर्यंत मुंबईने आमचा व्हायचा तेवढा वेळ घेतला. बंदरात सामान स्कॅनरमधून जातं, ओळखपत्रं तपासतात, फोटो काढतात आणि हातात एक कार्ड देतात. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. जहाजावरचा सगळा खर्च या कार्डावर चढतो आणि शेवटी एकदम चुकता होतो, त्यामुळे फोन चालत नाही म्हणून कुणाचं अडत नाही. मुंबईहून अशी जहाजं सुटायला लागून फार वर्षं झालेली नाहीत. २०१८ मध्ये मुंबई–गोवा 'आंग्रिया' आली, २०१९ मध्ये 'कर्णिका', आणि सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'. योगायोग असा, की डिसेंबर २०१८ मध्येच केंद्र सरकारने विमानात आणि जहाजावर इंटरनेट देण्याचे नियम काढले, आणि पुढच्या वर्षी टाटांच्या नेल्कोने आपल्या समुद्रात ही सेवा सुरू केली.

संध्याकाळी जहाज निघालं. सगळे वरच्या डेकवर. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं, डावीकडे रेवस-अलिबागचा किनारा धूसर दिसायला लागला आणि लोकांचे व्हिडिओ कॉल रंगात आले. याच पाण्यात, काशाच्या खडकाजवळ, १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट उलटली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली, गटारीला गावी चाललेल्या माणसांनी भरलेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. गेटवेवरून दिसेल इतक्या अंतरावर हे घडलं आणि मुंबईला ते कळलं कित्येक तासांनी, पोहून किनाऱ्याला लागलेल्या लोकांकडून. आणि वायरलेस तर त्याच्या आधी पस्तीस वर्षं 'टायटॅनिक'वर होता! पण तोही मुख्यतः श्रीमंत प्रवाशांच्या खुशालीच्या तारांसाठी. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग, पुढे शब्दागणिक नऊ पेन्स. त्या रात्री हिमनगाचा इशारा देणाऱ्या शेजारच्या जहाजाला तिथल्या ऑपरेटरने गप्प बसायला सांगितलं, कारण प्रवाशांच्या तारांचा ढीग उरकायचा होता. जहाजावरचं दळणवळण आधी पैसेवाल्या प्रवाशासाठी येतं, सुरक्षेचं मागाहून सुचतं, हे तेव्हापासूनचं आहे.

मुरूड-जंजिऱ्याच्या सुमाराला एकेकाचा कॉल तुटू लागला. आधी जिओवाल्यांचा की एअरटेलवाल्यांचा यावर दोन कुटुंबांत वाद झाला. अर्ध्या तासात डेकवरचे सगळे हात खाली आले आणि लोक जेवायला गेले.

जहाजाच्या माथ्यावर चिमणीजवळ मोठाले पांढरे गोळे दिसतात. पाण्याच्या टाक्या असाव्यात असं सासूबाईंचं म्हणणं. आत डिश अँटेना असते, आणि जहाज कितीही डोललं, वळलं तरी मोटरच्या जोरावर ती आपलं तोंड उपग्रहाकडेच धरून ठेवते. नवऱ्याचा त्या संध्याकाळचा सगळ्यात आवडता विषय तो. नेहमीचा उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमचा "हॅलो" तिथवर वर जातो, तेवढाच खाली येतो. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पाव सेकंद. समोरच्याचं उत्तर यायला आणखी पाव. म्हणून उपग्रहावरच्या बोलण्यात दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात आणि परत एकदम बोलतात. परदेशातल्या मोठ्या कंपन्या आता जवळच्या उपग्रहांकडे वळल्यात. आठ हजार किलोमीटरवरचे आले, मग साडेपाचशे किलोमीटरवरचे स्टारलिंक आले. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियनने सगळ्या ताफ्यावर ते बसवायचं जाहीर केलं. तिथे व्हिडिओ कॉल घरच्यासारखा चालतो म्हणतात.

वाय-फायचं पॅकेज माणशी नसतं, फोनगणिक असतं, आणि दिवसाच्या हिशोबाने. साध्या पॅकेजात मेसेज, महागात सगळं, अशी पायरी बहुतेक जहाजांवर असते. आम्ही एकच घेतलं. लॉगिन एका वेळी एका फोनवर; नवऱ्याचं झालं की त्याने लॉगआउट करायचं, मग मी. लॉगआउट न करता तो झोपला की माझं अडायचं. घरातल्या भांडणांत एवढी एक नवी भर पडली.

पैसे भरायच्या आधी फोनमध्ये चार गोष्टी करून ठेवाव्या लागतात, नाहीतर पॅकेज तुमच्या नकळत संपतं किंवा रांगतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू करायचं. फोटोंचं आपोआप होणारं बॅकअप बंद. ॲपचे अपडेट बंद. व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद, कारण सुप्रभातचे गुलाब समुद्रातही येतात आणि त्यांचंही वजन असतं. गाणी, सिनेमे, तिकिटं घरूनच उतरवून न्यायची. रात्री जेवणं झाल्यावर हजारभर माणसं एकदम नेटवर बसतात तेव्हा काहीच हलत नाही. पहाटे पाच-साडेपाचला, सगळे झोपलेले असताना, मेसेज सपासप जातात. शिवाय जहाजाच्या भिंती लोखंडाच्या. आमच्या शेडमध्ये जसं मशीनमागे उभं राहिलं की फोन मरतो आणि शटरपाशी आलं की जिवंत होतो, तसंच केबिनमध्ये पलंगावर नेट नाही आणि दाराशी, कॉरिडॉरच्या बाजूला, आहे. मी दोन्ही पहाटा दाराला पाठ लावून खाली बसून काढल्या.

पहिल्याच पहाटे दोन गोष्टी आल्या. एक मुलाचा मेसेज, रात्री साडेअकराचा : "आई, जहाज थांबलंय का? ठिपका हलत नाही." त्याने मरीनट्रॅफिक नावाच्या वेबसाइटवर आमचं जहाज शोधून ठेवलं होतं. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं असतं, ते जहाजाचं नाव, वेग, दिशा रेडिओवरून सारखं सांगत राहतं आणि किनाऱ्यावरच्या अँटेना ते ऐकून नकाशावर ठिपका दाखवतात. पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढचं त्या अँटेनांना सहसा ऐकू येत नाही. मग ठिपका शेवटच्या जागी तसाच राहतो. उपग्रहावरून ऐकलेलं दाखवतात, पण त्याचे वेगळे पैसे. रत्नागिरीच्या अलीकडे आमचा ठिपका गोठला आणि मुलगा बाराला झोपायच्या ऐवजी दोनला झोपला. निघताना हे त्याला सांगून ठेवायला हवं, इतकं साधं आहे ते.

दुसरी गोष्ट काकांची. एका ग्राहकाने ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली होती, सहा-सात एमबीची पीडीएफ. काकांनी ती जशीच्या तशी पुढे ढकलली. गोल गोल फिरत राहिली. नवऱ्याला उठवलं, तो बनियनवर कॉरिडॉरमध्ये येऊन फोन वर धरून उभा राहिला, खाली धरून उभा राहिला, लिफ्टपर्यंत जाऊन आला. शेवटी मी काकांना लिहिलं, फाइल नको, काय बदललंय तेवढं शब्दांत लिहा. अर्ध्या मिनिटात आलं : "बोअर २२.०० होता, आता २२.०२. बाकी सेम." नवऱ्याने उत्तर दिलं : "चालेल. गेज बदला, पहिले पाच पीस मोजून मला आकडे लिहा, फोटो नको." पाच आकडे आले, त्यातला एक जरा वर होता, ऑफसेट दिला, काम सुरू झालं. जहाजावर बसून मशीन चालवल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिवसभर होता. एक ओळ मजकूर म्हणजे शे-दोनशे बाइट. एक फोटो म्हणजे अशा हजारो ओळी. वाळूजमध्ये हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही.

जहाजाच्या आत एकमेकांना शोधणं हे बाहेरच्या जगाशी बोलण्याइतकंच अवघड, याची कुणी आगाऊ कल्पना देत नाही. दहा-अकरा मजले, सारखे दिसणारे कॉरिडॉर, आणि मोबाइल बंद. सासूबाईंनी हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवला. केबिनमध्ये साधा वायरचा फोन असतो. दुसऱ्या केबिनचा नंबर फिरवला की लागतो, फुकट. त्यांनी अमरावतीच्या एका आजींचा केबिन नंबर मिळवला आणि त्या दोघी सकाळपासून एकमेकींना चहाला बोलावत राहिल्या. आम्ही उरलेल्यांनी वेळ आणि जागा ठरवून टाकली : दर जेवणाआधी मधल्या जिन्यापाशी. मोबाइल यायच्या आधी जत्रेत असंच ठरवायचे लोक.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याचा होता. त्याच्या घरी आईवडील, आणि लग्न ठरलेलं. महिनोन् महिने जहाजावर. आधी तो परदेशी जहाजावर होता, तिथे कामगारांना नेटचं कार्ड विकत घ्यावं लागायचं आणि पगाराचा एक भाग त्यातच जायचा. बंदर आलं की सगळे खलाशी फुकट वाय-फाय असलेलं हॉटेल शोधत पळायचे. "पाहुणे शहर बघायला उतरतात, आम्ही नेटवर्क बघायला," तो म्हणाला. जगभरच्या दर्यावर्दींच्या हक्कांचा एक करार आहे, सागरी कामगार करार २००६. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे : जहाजमालकाने शक्य असेल तिथवर खलाशांना इंटरनेट द्यावं, आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत. "शक्य असेल तिथवर" या शब्दांत बरंच काही बसतं, पण कागदावर तरी आलंय.

रात्री डेकवरून लांबवर मासेमारी बोटींचे दिवे दिसायचे. त्यांच्याकडे ना डिश, ना पॅकेज. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली त्याच कार्यक्रमात देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू झाली. इस्रोच्या उपग्रहावरून चालणारं हे यंत्र बोटीवाल्याला फुकट मिळतं. रेंज नसताना त्यावरून छोटे मेसेज दोन्ही बाजूंनी जातात, वादळाचा इशारा येतो, संकटाचं बटण असतं. सिनेमा नाही, गाणं नाही, फक्त मजकूर. 'रामदास'च्या पाण्यात हे आधी यायला हवं होतं असं वाटून गेलं.

आगत्तीला जहाज धक्क्याला लागत नाही. खाजण उथळ, त्यामुळे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींतून बेटावर नेतात. परवाना आधीच काढलेला असतो, बेटावर बाहेरच्या माणसाला तसं उतरता येत नाही. पाण्याचा तो रंग मी लिहायला जाणार नाही. बोट किनाऱ्याच्या जवळ आली आणि एकदम सगळ्यांचे खिसे वाजायला लागले. परवा संध्याकाळपासून अडकलेले एसएमएस, बँकेचे, लोनवाल्यांचे, शाळेचे, झुंडीने आले. अर्धी बोट खाली बघत बेटावर उतरली. बेटाला चांगलं नेट मात्र नवं आहे. आधी इथलं सगळं नेट उपग्रहावर होतं. कोचीहून समुद्रतळावरून ऑप्टिकल फायबरची केबल टाकली, ती ३ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी कवरत्तीत सुरू केली, आणि १.७ जीबीपीएसवरून एकदम २०० जीबीपीएसची सोय झाली. केबल साधारण एकोणीसशे किलोमीटरची, अकरा बेटांना जोडणारी. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या बाईंकडे यूपीआयचा क्यूआर कोड होता. तिथे मात्र पैसे गेले, ओटीपीही आला, आणि नवऱ्याने उरलेल्या वेळात बँकेची दोन कामं उरकली. मी पाण्यात होते.

परत आल्यावर आमच्या सोसायटीतलं एक जोडपं माझ्याकडे आलं. त्यांची सिंगापूरहून सुटणारी क्रूझ ठरलीय, आणि त्यांनी सिंगापूर-मलेशियाचा रोमिंग पॅक घेऊन ठेवलाय. तो जहाजावर कामाचा नाही. अशा जहाजांवर जहाजाचाच छोटा मोबाइल टॉवर असतो, उपग्रहाला जोडलेला. साधारणपणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे बावीसेक किलोमीटर, बाहेर गेल्यावर तो चालू करतात. मग फोनच्या वरच्या कोपऱ्यात 'सेल्युलर ॲट सी' असं काहीतरी नाव उमटतं. हे नेटवर्क कुठल्याच देशाचं नसतं, त्याचा देशाचा कोडही वेगळा, ९०१; म्हणून देशाच्या पॅकमध्ये ते बसत नाही आणि मिनिटाचे, एमबीचे दर वेगळे लागतात. क्रूझसाठी कंपन्यांचे वेगळे पॅक असतात, ते घ्यायचे, नाहीतर एअरप्लेन मोड. फोन पर्समध्ये नुसता पडलेला असला, तरी रोमिंग चालू असेल तर तो आपणहून जोडला जातो आणि मागच्या मागे फोटो पाठवत बसतो.

त्या काकूंच्या फोनमधलं डेटा रोमिंग मी तिथेच बंद केलं, बॅकअपही. त्यांच्या यजमानांचा फोन ऑफिसचा आहे. त्याला त्यांनी हात लावू दिला नाही, बिल कंपनी भरते म्हणाले.